‘ऊठ’ म्हटल्यावर उठणारा संगणक

माझा धंदा सांगितला की समोरचा माणूस आधी माझ्याकडे, मग माझ्या बायकोकडे बघतो. माझ्याकडे कुतूहलाने, तिच्याकडे सहानुभूतीने. संत तुकाराम नगरात माझं लहानसं दुकान आहे. दर्शनी भागात लॅपटॉपच्या तुटलेल्या बिजागऱ्या आणि रुसलेले प्रिंटर. हे पोटासाठी. आतल्या खोलीत माझा खरा दरबार भरतो. तिथे परदेशात एके काळी घरोघरी विकले जाणारे जुने संगणक असतात. कीबोर्ड आणि संगणक एकाच डब्यात, पडदा म्हणून घरातला टीव्ही. कुणी आखातातून येताना पोरांच्या खेळासाठी आणलेले, कुणी भंगारातून उचललेले. हे मेलेले जीव उठवायचे आणि त्यांच्यावर युनिक्सच्या घराण्यातली प्रणाली सुरू करायची, हा माझा छंद आहे. अधूनमधून त्याचाही धंदा होतो.

आता युनिक्स म्हणजे काय, हे विचारून तुम्ही फसला आहात, कारण मी सांगणार. संगणकाचा सगळा कारभार चालवणारी, कपाटाएवढ्या संगणकांसाठी बनवलेली ती प्रणाली. तिचा स्वभाव मला फार आवडतो. एक भलामोठा प्रोग्रॅम सगळं करणार, असं तिथे नसतं. लहान लहान आज्ञा असतात, प्रत्येकीला एकच काम येतं, पण ते चोख. आणि तुम्ही तुमची स्वतःची आज्ञा बनवू शकता, तिला हवं ते नाव देऊ शकता. काही हुशार लोकांनी या प्रणालीच्या लहान आवृत्त्या केल्या आणि त्या चक्क खेळण्यातल्या संगणकात बसवल्या. हत्तीला रिक्षात बसवावं आणि त्याने वर मीटरप्रमाणे चला म्हणावं, तसा प्रकार.

असा संगणक कसा सुरू होतो, तेही आपल्या भागातल्या माणसाला समजेल असं सांगतो. कंपनीची पहिली शिफ्ट डोळ्यांसमोर आणा. सगळ्यात आधी वॉचमन येतो. त्याला फक्त गेट उघडता येतं आणि इलेक्ट्रिशियनला हाक मारता येते. इलेक्ट्रिशियन मेन स्विच टाकतो आणि फोरमनला आत घेतो. फोरमन आला की तो कामगारांना बोलावतो. मग माल निघतो. संगणकातही हेच. वॉचमन त्याच्या पोटात कायमचा बसवलेला असतो. बाकी सगळी मंडळी फ्लॉपीवरून येतात, म्हणजे त्या जुन्या चौकोनी काळ्या पाकिटातून. यातला एक जरी गैरहजर राहिला तरी शिफ्ट बोंबलते. माझं काम एवढंच, की कोण आला नाही ते शोधायचं.

गिऱ्हाइकंही नमुनेदार असतात. पिंपळे गुरवचे एक निवृत्त गृहस्थ आपला संगणक तान्ह्या बाळाच्या दुपट्यात गुंडाळून घेऊन आले होते. तो सुरू झाला आणि रिवाजाप्रमाणे त्याने पडद्यावर वापरणाऱ्याचं नाव आणि परवलीचा शब्द विचारला. गृहस्थांचा चेहरा उतरला. म्हणाले, "इतकी वर्षं माळ्यावर जपला, आणि हा मलाच विचारतो कोण तुम्ही?"

पण आज मला सांगायचंय ते चाकणचं. एका दसऱ्यानंतर वंदनाताईंचा फोन आला.

वंदनाताईंचं चाकणला स्प्रिंगांचं वर्कशॉप आहे. वडील पिंपरीत कंपनीत कामगार होते, निवृत्तीनंतर त्यांनी एका शेडमध्ये हे सुरू केलं आणि ताईंनी ते वाढवलं. तिथल्या स्प्रिंगा एका मोठ्या कंपनीच्या गाड्यांत बसतात. कंपनीचं नाव मी घेत नाही, कारण पुढे एक गंमत येणार आहे.

"सातपुते, तुम्ही जुनी मशिनं उठवता म्हणे," ताई म्हणाल्या. "आमचं टेस्टिंगचं मशीन बसलंय. परवा कंपनीचा ऑडिटर येतोय. त्याच्यासमोर ते चाललं नाही तर आमची ऑर्डर दुसऱ्या व्हेंडरला जाणार. तसं त्यांनी स्पष्ट कळवलंय."

"नवीन मशीन मागवलं असेल ना?"

"मागवलंय. ते येईल तेव्हा येईल. परवा तर नाही येणार. आणि शेडमधली माणसं परवाच्याच भरवशावर आहेत."

मी विचारलं, मशीनला कुठला संगणक आहे. त्यांनी फोटो पाठवला आणि मी दुकानात एकटाच टाळ्या वाजवल्या. घरगुती संगणक! मुलांचा, खेळण्यातला, मातकट रंगाचा. त्याला एक फ्लॉपीचा डबा जोडलेला, आणि दुसऱ्या बाजूने वायरींचा जुडगा स्प्रिंग दाबणाऱ्या यंत्रात गेलेला. पडदा म्हणजे जुना टीव्ही. आणि फ्लॉपीच्या लेबलावर बारीक अक्षरात जे नाव दिसलं, ते माझ्या लाडक्या घराण्यातलं. म्हणजे चाकणमध्ये, कांद्याच्या बाजारापासून हाकेच्या अंतरावर, एक युनिक्सचा वंशज वर्षानुवर्षं स्प्रिंगा मोजत होता आणि मला पत्ता नव्हता. बायकोला म्हटलं, "चाललो." ती म्हणाली, "डबा तरी घेऊन जा." मी डबा विसरलो, पण माझी त्याच जातकुळीची फ्लॉपी, काही कोऱ्या-बेकार फ्लॉप्या आणि माझा लॅपटॉप बरोबर घेतला.

शेडमध्ये मशीनजवळ नामदेवमामा उभे होते. मावळातल्या गावचे, वंदनाताईंच्या वडिलांच्या वेळेपासूनचे. टेस्टिंगचं मशीन चालवणारे ते एकटेच. त्यांनी मला खुर्ची दिली आणि मागे सरकून भिंतीला टेकले. मला वाटलं, मशीनची काळजी.

"हे बनवलं कुणी?" मी विचारलं.

"घारपुरे साहेबांनी," ताई म्हणाल्या. "टूलरूममधून निवृत्त झालेले. मुलाचा पडून असलेला संगणक आणून त्यांनी हे जुळवलं. बाबांचे मित्र. ते आता नाहीत."

घारपुरे साहेबांना भेटायची माझी संधी हुकली, ही या गोष्टीतली एकमेव वाईट गोष्ट. बाकी सगळी मजाच आहे.

मी बटण दाबलं. वॉचमन हजर झाला, टीव्हीवर त्याची हिरवी पाटी उमटली. मी त्याला म्हटलं, फ्लॉपी वाच. डबा खर्र, खर्र, खर्र करत राहिला आणि गप्प झाला. इलेक्ट्रिशियन आलाच नाही.

"किती वेळा सुरू करून बघितलंत?" मी विचारलं.

"दोन दिवस तेच चाललंय," ताई म्हणाल्या. "मी नागपूरहून आले तेव्हापासून बंदच आहे."

त्या दरवर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनाला कुटुंबासह दीक्षाभूमीला जातात. म्हणजे दसऱ्याला त्या शेडमध्ये नव्हत्या. हे त्या सहज बोलून गेल्या, पण मागे भिंतीजवळ नामदेवमामा खोकले. बरं वाटत नसल्यासारखे नाही, विषय बदलावा म्हणून माणूस खोकतो तसे.

मी फ्लॉपी काढली. या जातीच्या फ्लॉपीच्या पाकिटाला एक लांबट भोक असतं. त्यातून आतली गोल चकती दिसते, आणि तिथेच डब्यातलं डोकं टेकतं आणि वाचतं. त्या चकतीला बोटसुद्धा लावायचं नसतं. मी भोकातून आत बघितलं. काळ्याभोर चकतीवर सुंदर लालसर गोल रेघ उमटली होती. मग डबा उघडला. वाचणारं डोकं पिवळं-लाल झालेलं. गंज म्हणावा तर हा रंग गंजाचा नव्हता. मी नाक जवळ नेलं. आणि डब्याच्या कोपऱ्यात, मोटरच्या पायथ्याशी, तांदळाचा एक दाणा पडला होता.

मी मामांकडे बघितलं. मामा आढ्याकडे बघत होते.

"काय आहे आत?" ताईंनी विचारलं.

"चाकणची हवा," मी म्हटलं. "धूळ फार."

"असं?" त्या म्हणाल्या आणि फोन आला म्हणून ऑफिसात गेल्या.

मामांनी मला शेडमागे चहाच्या टपरीवर नेलं. कंपन्यांच्या बसगाड्या समोरून चालल्या होत्या. मामांनी दोन चहा सांगितले. मग म्हणाले, "भाऊ, ताईला सांगू नका."

"खंडेनवमीला?"

"व्हय. समद्या मशीनला हळदकुकू लावलं, फुलं वाह्यली. दरसाल करतो. ताई करत न्हाईत, पर आमाला कदी नको म्हनल्या न्हाईत. ह्याला दरसाली वरनं, डब्याला लावतो. औंदा म्हनलं, नवं मशीन येनार, ह्याचं हे शेवटचं वरीस. ह्याला नीट लावावं."

"म्हणून आत?"

"वरच्या कागदावर निस्तं नाव. खाली त्ये भोक दिसलं, आत काळं काळं चकाकत व्हतं. म्हनलं ह्याचा जीव हितंच आसनार. तितं बोट टेकलं. ओलं कुकू. वर अक्षता."

गेली कित्येक वर्षं मी सुशिक्षित लोकांना समजावतोय, की फ्लॉपीत महत्त्वाचं काय असतं. मामांनी न विचारता नेमका तोच टीचभर तुकडा निवडला होता. निदान अचूक. फक्त उपचाराने रोगी गेला.

"वाचंल का?" त्यांनी विचारलं.

"वाचवू या. मला इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते पाणी आणून द्या. आणि भांडी घासायचा पातळ साबण."

"धुनार?"

"आंघोळ घालणार."

हे मी नाटक म्हणून सांगत नाही, खरंच असं करतात. आधी पाकिटाची कड कापून चकती बाहेर काढली. बॅटरीच्या शुद्ध पाण्यात साबणाचा एक थेंब टाकला, त्यात ती हलक्या हाताने फिरवली. पाणी गुलाबी झालं. मग नुसत्या पाण्यातून काढली आणि चष्म्याच्या फडक्याने टिपली. पंख्याखाली पूर्ण वाळेपर्यंत मी कुणाला शिंकू दिलं नाही. एका बेकार फ्लॉपीचं पाकीट रिकामं करून त्यात ती बसवली. डब्यातलं डोकं स्पिरिटने पुसलं, तोवर दहा बोळे लाल झाले. सगळ्या शेडमध्ये लग्नघराचा वास सुटला होता. ताई एकदा येऊन बघून गेल्या.

आमच्या धंद्यात एक नियम आहे. आजारी फ्लॉपी शक्यतो एकदाच वाचायची, आणि वाचता वाचता तिची नक्कल करून घ्यायची. दुसरी संधी मिळेलच असं नाही. डबा माझ्या लॅपटॉपला जोडून मी नक्कल सुरू केली. डबा गुरगुरत एकेक भाग वाचत गेला. बाहेरचे भाग आले. मधले आले. शेवटाकडे, चकतीच्या आतल्या कडेला, पुन्हा ते खर्र, खर्र. तिथे ओरखडा होता. दोन दिवस पुन्हा पुन्हा सुरू करताना डोकं कुंकवाच्या कणांसकट तिथेच घासलं गेलं होतं. आणि या प्रणालीत इलेक्ट्रिशियनची खोली नेमकी तिथेच असते.

"काय झालं?" ताई आता माझ्यामागेच उभ्या होत्या.

"इलेक्ट्रिशियन गेला."

"कुठला इलेक्ट्रिशियन? आमच्याकडे इलेक्ट्रिशियन नाहीये."

मी त्यांना वॉचमनपासून सगळी शिफ्ट सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "कामगार आहेत का?"

"आहेत. सगळे वाचले."

"मग इलेक्ट्रिशियन बाहेरून आणा. आम्ही तर गरज पडली की नेहमी तेच करतो."

तुम्हाला सांगतो, मी अगदी हेच आता मोठ्या ऐटीत जाहीर करणार होतो. बाईंनी माझा संवाद चोरला. मी पिशवीतून माझी फ्लॉपी काढली. घारपुरे साहेबांची प्रणाली आणि माझी एकच, तेव्हा माझ्या फ्लॉपीवरचा इलेक्ट्रिशियन आणि फोरमन त्यांच्या गेटवर चालणार होते. फोरमन एकदा आत येऊन बसला, की माझी फ्लॉपी काढायची, त्यांची नक्कल घालायची आणि म्हणायचं, आता यातले कामगार बोलवा.

बटण. वॉचमन. माझी फ्लॉपी. खर्र. मग एकदम तो आवाज, जो मी हजार आवाजांतून ओळखेन: टक, टक, टक, डोकं एकेक पायरी नेमकं सरकत असल्याचा. पडद्यावर प्रणालीचं नाव उमटलं. मग तिने तारीख आणि वेळ विचारली, कारण बिचारीकडे घड्याळ नसतं. मी ती दिली. फोरमन खुर्चीत बसला होता. शेडमधली यंत्रं थांबवून सगळे कामगार टीव्हीभोवती जमले, जणू क्रिकेटची मॅच आहे.

मी फ्लॉपी बदलली आणि यादी मागितली. घारपुरे साहेबांनी प्रोग्रॅम काय नावाने ठेवला असेल, कोण जाणे. इंग्रजी नावं येतील, त्यातलं एखादं चालवून बघू, असा माझा बेत. पडद्यावर इंग्रजी अक्षरांतच यादी आली. मी वाचली. पुन्हा वाचली. मग मोठ्याने वाचली.

"दाब. सोड. मोज. लिही. ऊठ."

मी आधी सांगितलं ना, या घराण्यात तुम्ही आपल्या आज्ञा बनवू शकता, नावं द्यायला कुणाची परवानगी लागत नाही. जगभर लोकांनी तोकडी इंग्रजी नावं दिली. टूलरूममधल्या त्या माणसाने संगणकाला घरच्या माणसाशी बोलावं तसं बोलायला शिकवलं होतं. स्प्रिंग दाब. सोड. मोज. मला तर खुर्चीवर उभं राहून नाचावंसं वाटलं. ताईंच्या धाकाने नाचलो नाही.

‘ऊठ’ लिहिलं. डबा क्षणभर विचारात पडला. मग पडद्यावर आलं: उठलो. सांगा.

शेडमध्ये हशा पिकला. मी वळून मामांना म्हटलं, "हे असं बोलतो, हे मला आधी का नाही सांगितलंत?"

"रोज तेच म्हनतो," मामा म्हणाले. "तुमी इचारलं न्हाई."

मी तिथेच आणखी नकला केल्या, एकीवर माझा इलेक्ट्रिशियन आणि फोरमन कायमचे नेमले, आणि आता एकाच फ्लॉपीवरून सगळी शिफ्ट चालते, हे दोनदा बघून घेतलं.

ऑडिटच्या दिवशी मला कुणी बोलावलं नव्हतं. मी गेलो. नाटकाच्या प्रयोगाला नेपथ्यकार जातोच.

ऑडिटर तरुण होता, परभणीकडचा, नीट इस्त्री केलेला. त्याने मशीनकडे बघितलं, टीव्हीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि यातलं सगळ्यात जुनं कोण, याचा अंदाज घेतला. मग बॅगेतून कंपनीची नमुन्याची स्प्रिंग काढली. ती किती दाबली की किती जोर देते, हे पक्कं ठरलेलं असतं. मशीनने तोच आकडा दाखवायचा.

"ऑपरेटरनं करून दाखवायचं," तो म्हणाला.

मामांनी दोन्ही हात पाठीमागे घेतले. "ताई, माझा हात नको. सातपुते भाऊंना बसवा."

"नियम आहे ना, काका. रोज करतो त्यानंच करायचं."

"न्हाई, नको."

ताई पुढे आल्या. "मामा, बाबांनी हे मशीन तुमच्या हातात दिलं होतं. माझ्यासुद्धा नाही. बसा."

मामा बसले. एका बोटाने, अक्षरं शोधत, त्यांनी ‘ऊठ’ लिहिलं. मशीन म्हणालं, उठलो, सांगा. ऑडिटरच्या भुवया वर गेल्या. मामांनी स्प्रिंग बसवली. दाब. यंत्र हळूहळू खाली आलं. मोज. मी जन्मात इतका वेळ गप्प बसलेलो नाही. आकडा आला. ऑडिटरने आपल्या कागदावरचा आकडा बघितला, पुन्हा पडदा बघितला. "परत करा." परत तोच. "अजून एकदा." तोच.

"बरोबरय," तो म्हणाला आणि खुर्चीत टेकला. "पण मधले दिवस मशीन बंद होतं म्हणायलात. काय झालतं? कारण लिहावं लागतंय. कारण नसल्यावर मला मंजूर करता येत नाही."

मी घसा साफ केला. हवामान, आर्द्रता, चुंबकीय क्षेत्र असं एक देखणं भाषण माझ्या जिभेवर तयार होतं. मी तोंड उघडणार तोच मामा उभे राहिले.

"मी कुकू लावलं. फ्लॉपीच्या आत. खंडेनवमीला."

मामा खाली बघत म्हणाले, "ताईला ठावं न्हाई. तिची काय चूक न्हाई."

"मामा," ताई म्हणाल्या, "आमच्या घरी पूजा नसते. पण भाजीत हळद असते. सातपुते ती चकती धूत होते तेव्हाच मला वास आला होता."

मामांनी वर बघितलं. ताईंच्या चेहऱ्यावर राग शोधत राहिले. तो नव्हताच.

आम्ही सगळे ऑडिटरकडे बघायला लागलो. तो पेनाचं टोक टेबलावर हळूच आपटत होता. मग त्याने दाराकडे एकदा बघून घेतलं आणि आवाज खाली आणला.

"आमच्या प्लँटात मागल्या खंडेनवमीला वेल्डिंगच्या रोबोटला लावलं. नेमकं कॅमेऱ्यावर. गाडीचं दार कुठंय तेच दिसंना त्याला. अर्धी शिफ्ट लाईन उभी. मोठे मोठे साहेब आले, बाहेरून इंजिनिअर बोलावले."

"मग?" मी विचारलं.

"मग काय. कुणी लावलं ते सगळ्यांना माहीत. सगळ्यांनीच लावलं होतं."

"आणि कारण काय लिहिलंत?"

तो हसला. कागद पुढे ओढून बंद पडण्याच्या कारणासमोर त्याने दोन शब्द लिहिले, खाली सही केली आणि ‘मंजूर’वर खूण करून कागद ताईंकडे सरकवला. ताईंनी वाचलं आणि पदर तोंडाला लावून हसू आवरायला लागल्या.

"काय लिवलं?" मामांनी विचारलं.

"परकीय पदार्थ," ताई म्हणाल्या.

"म्हंजी?"

"म्हणजे तुमचं कुंकू, मामा."

मामा क्षणभर विचारात पडले. ऑर्डर वाचली होती, नोकरी शाबूत होती, ताई रागावल्या नव्हत्या, तरी त्यांचं समाधान होईना. ते ऑडिटरकडे वळले.

"साहेब, परकीय कसं म्हनता? चाकणच्या बाजारातनंच आणलंय."